छेद, हर आणि संगणक

गोंदिया जिल्ह्यातून उत्तरेकडे बाघ नदी ओलांडून बालाघाट जिल्ह्यात प्रवेश केला, की अपूर्णांकातील रेघेखालच्या संख्येचे नाव बदलते. अलीकडे तिला छेद म्हणतात, पलीकडे हर. अलीकडचा त्रिकोण पलीकडे त्रिभुज होतो, मूळ संख्या अभाज्य होते, आणि मसावि नावाने ओळखला जाणारा महत्तम साधारण विभाजक तेथे महत्तम समापवर्तक या भारदस्त नावाने वावरतो. खुद्द गोंदिया शहरात मराठी आणि हिंदी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा असल्यामुळे हा भेद तेथे एकाच आळीतल्या मुलांच्या पाट्यांवर दिसतो. आणि यांपैकी शुद्ध कोणते, हा वाद ज्या ज्या वेळी निघतो त्या त्या वेळी प्रत्येक पक्ष आपल्या शब्दाला प्राचीनतेची सनद असल्याचे मोठ्या हिरिरीने सांगतो.

ती सनद तपासून पाहण्याजोगी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त अपूर्णांकांच्या बेरजेसाठी जो नियम दिला आहे, त्याचा आशय असा, की दोन राशींपैकी प्रत्येकीच्या अंशाला आणि छेदाला दुसरीच्या छेदाने गुणावे. दोन तृतीयांशात एक चतुर्थांश मिळवावयाचा असेल, तर पहिल्याला चारांनी आणि दुसऱ्याला तिनांनी गुणावे, म्हणजे आठ द्वादशांश व तीन द्वादशांश हाती येऊन एकूण अकरा द्वादशांश होतात. आता या नियमाच्या श्लोकात आचार्यांनी रेघेखालच्या संख्येला म्हटले आहे हर आणि त्या कृतीला नाव दिले आहे समच्छेदविधान! बालाघाटचा शब्द आणि गोंदियाचा शब्द एकाच श्लोकात, एकाच लेखणीतून उतरले आहेत. शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणणाऱ्या या गणितज्ञाला हर आणि छेद यांत भांडण लावावे असे वाटले नाही, ही गोष्ट आजच्या वादींनी लक्षात घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मराठी गणिताचे कूळ मात्र केवळ संस्कृताचे नाही. आपल्या चार मूलक्रियांपैकी गुणाकार आणि भागाकार संस्कृताच्या घरचे, तर बेरीज आणि वजाबाकी या फारसी-अरबी दप्तरातून, महसुलाच्या हिशेबांतून आलेल्या. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राजव्यवहारकोश सिद्ध होऊन यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, त्यानंतरही जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाने बेरीज सोडली नाही, आणि पुढे शाळा निघाल्या तेव्हा पंतोजींनीही ती तशीच पुढे चालविली. याउलट, बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलनाला शून्यलब्धी हे अर्थवाही नाव दिले. ते आज कोणी घेत नाही. रेघेखालच्या संख्येला रोज काम असते. कलन शिकणारे त्या काळी मूठभर होते, आणि शब्दाला रुजण्यास जो वापर लागतो तो शून्यलब्धीला लाभला नाही.

गोंदियाच्या वाट्याला या वादाचा एक निराळा अध्याय आला. हा मुलूख स्वातंत्र्याच्या सुमारास भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. लाहोरहून नागपुरास आलेल्या डॉ. रघुवीरांना त्या प्रांताच्या सरकारचा आश्रय मिळाला, आणि त्यांनी उपसर्ग, धातू व प्रत्यय यांच्या नियमबद्ध संयोगातून सर्व शास्त्रांची परिभाषा घडविण्याचे प्रचंड कार्य आरंभिले, ज्यायोगे हिंदी आणि मराठी या प्रांताच्या दोन्ही भाषांना एकच शब्दभांडार पुरावे. त्यांच्या शब्दांची पुष्कळ थट्टा झाली. तरीही एका शब्दावरून त्याचे सारे गोत सिद्ध करता आले पाहिजे, ही त्यांची दृष्टी मला आजही ग्राह्य वाटते. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९६० साली महाराष्ट्राचे भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६१ साली केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग. आणि एका कोशाची जी आशा नागपुरात धरली गेली होती ती दोन कचेऱ्यांत विभागली गेली.

तेव्हापासूनच्या वाटणीत कोणाचेच पारडे निखालस जड नाही. मूळ संख्या हा शब्द वर्गमूळ आणि समीकरणाची मुळे यांच्याशी घोटाळतो, म्हणून अभाज्य सरस वाटावा. परंतु हिंदीत संयुक्त संख्येला भाज्य म्हणतात, आणि भागाकारात ज्याला भागावयाचे तोही भाज्यच. त्रिभुज म्हणणाऱ्यांनी शास्त्राला मात्र त्रिकोणमितीच म्हटले, आणि त्रिकोण-चौकोन म्हणणारे आपण पुढे जाऊन बहुभुजाकृती म्हणू लागतो. मसावि हे आद्याक्षरी नाव कित्येकांना खटकते. ज्या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलावांना सर्रास मामा तलाव म्हणतात, तेथे ते खटकू नये.

संगणकाचा वाद याहून सूक्ष्म आहे. केंद्रीय आयोगाने कॉम्प्युटरला अभिकलित्र हा शब्द दिला. त्यातील इत्र हा प्रत्यय साधनाचा वाचक असून खनित्र म्हणजे खणण्याचे, लवित्र म्हणजे कापणीचे हत्यार, आपल्या धानकापणीचा विळाच. यंत्र हे साधन आहे, कर्ता नव्हे, या तर्काला उत्तर देणे कठीण; मात्र पाणिनीने हा प्रत्यय मोजक्याच धातूंना सांगितला आहे आणि त्यांत कल् नाही. संगणकातील अक हा लेखक, गायक यांतला कर्त्याचा प्रत्यय. पण इंग्रजीतील कॉम्प्युटर हाही यंत्र निघण्यापूर्वी आकडेमोड करणाऱ्या माणसाचाच वाचक होता, आणि भास्कराचार्य आपल्या उदाहरणांत ज्याला प्रश्न घालतात तो गणकच. तेव्हा माझा कौल संगणकाला आहे, आणि तो रघुवीरांच्याच कसोटीवर आहे: त्याच्यापासून संगणन झाले, संगणकीय झाले, संगणकीकरण झाले, आणि देवरी-सालेकसाचा शेतकरी तलाठ्याकडे संगणकीकृत सातबारा मागतो, ज्यावर भोगवटादार, फेरफार, आकारणी ही दप्तरी नावे जशीच्या तशी छापून येतात.