हाली की कलदार?

हैदराबादच्या जुन्या बायकांशी पैशाबद्दल बोलायला बसलं, की नुसता आकडा सांगून भागायचं नाही. ‘शंभर रुपये’ म्हटलं की लगेच विचारणार, ‘हाली का कलदार?’ आजच्या मुलींना दोन्ही शब्द नवे वाटतील. पण सोलापूरचं माहेर आणि हैदराबादचं सासर असलेल्या बाईचा अर्धा संसार या दोन शब्दांच्या हिशेबात गेला.

कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. कळीवर, यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. हाली म्हणजे निजामाचा रुपया, ‘हाली सिक्का’, सध्या चालू असलेलं नाणं. 1857 च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं असे. बादशाही गेली, आणि 1858 पासून निजामानं स्वतःच्या नावानं नाणं पाडायला सुरुवात केली. पुढं सैफाबादला टांकसाळ झाली, आणि 1903-04 पासून रुपयावर चारमिनार आला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा 1918 साली कायदा करून कागदी नोटाही काढल्या. त्या नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, कानडी आणि आपली मराठीही होती. दरबार, कचेरी, कॉलेज सगळं उर्दूत. पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या माणसाच्या हातात नोट द्यायची तर मराठी लिहिणं भागच होतं!

आता भावाचं बघू. ठरलेला दर असा, की 7 हाली म्हणजे 6 कलदार. हा आकडा कोणी हवेतून काढला नाही. कलदार रुपयाचं वजन सुमारे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. हाली रुपया सुमारे 11.18 ग्रॅमचा, त्यात शंभरात 82 च्या आसपास चांदी. दोन्हीतली निव्वळ चांदी काढून बघा, जवळजवळ सहास सातच येते. सराफाच्या तराजूनं जे सांगितलं तेच सरकारनं कागदावर आणलं.

पण भाव कायम स्थिर नव्हता बरं का. चांदी जगभर स्वस्त होत गेली, तेव्हा 1893 साली इंग्रजांनी आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. त्यामुळं कलदाराची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहिली. हालीला तो आधार नव्हता; बाजारात त्याचा भाव खाली-वर व्हायचा. असा भाव हलतो तेव्हा दुकानावर बसणाऱ्याला तो सकाळीच कळतो. घरातल्या बाईला कळतो तो गरज पडली, पैसे मोडायला काढले, की मग. म्हणून ठरलेला दर हा व्यापाऱ्यापेक्षा बाईच्या जास्त उपयोगाचा, असं मला वाटतं.

त्या दरानं माहेरच्या शंभर कलदारांचे सासरी 116 रुपये 10 आणे 8 पै हाली होत. ऐकायला किती गोड! पण तीच बाई सासरची शंभराची साठवण घेऊन माहेरी निघाली, तर तिथं 85 रुपये 11 आणेच. पैसा तोच, वाढलाही नाही, बुडालाही नाही. हिशेब तेवढा नीट यायला हवा. कलदाराचे हाली करताना सहावा हिस्सा वाढवायचा, आणि हालीचे कलदार करताना सातवा हिस्सा सोडायचा. दोन्हीकडं सहावाच धरला की घोटाळा. 84 हालीतून सातवा हिस्सा गेला तर 72 कलदार उरतात. सहावा गेला तर 70. बहिणींनो, ते दोन रुपये कोणाच्या खिशात जात असतील? हिशेब येणाऱ्याच्या! शाळा न पाहिलेल्या बाईनंही ही सात-सहाची उजळणी तोंडपाठ ठेवावी, असंच हे गणित होतं.

आपल्या समाजाला तर हे रोजचंच. बेगमबाजारची पेढी हालीत चाले, मुंबईचा माल कलदारानं येई. कुल्पाकजीच्या यात्रेला मुंबई-पुण्याकडून येणाऱ्याच्या गाठीला कलदारच.

मग नाण्यात राजकारण शिरलं. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनं वटहुकूम काढला, की भारताचं नाणं संस्थानात चालणार नाही. ज्यांचं माहेर, सोयरीक, व्यापार सगळं सरहद्दीपलीकडं, त्यांच्या गाठीचा पैसा एका हुकमानं परका झाला. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, आणि संस्थान भारतात आलं.

हाली मात्र एका रात्रीत गेला नाही. 1950 पासून दोन्ही रुपये शेजारी शेजारी चालले, त्याच सातास सहाच्या दरानं. 1951 मध्ये नवा हाली निघणं थांबलं, आणि पूर्ण बंद व्हायला 1959 उजाडलं. म्हणजे सुमारे नऊ वर्षं मुदत मिळाली. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत बंद झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून बायकांची साठवण कशी बाहेर काढावी लागली, ते आपण पाहिलंच आहे. म्हणून त्या नऊ वर्षांचं मोल बायकांना वेगळं सांगायला नको. बाजारात रोज न जाणाऱ्या बाईपर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला मिळायला पाहिजे.

तुमच्या घरच्या पेटीत जुनी वही, गहाणखत, लग्नाच्या देण्याघेण्याची यादी असेल, तर ती रद्दीत घालू नका. वाचताना आधी आकड्याशेजारचा शब्द बघा. 700 हाली लिहिलेलं स्त्रीधन म्हणजे 600 कलदार. आजीला काय मिळालं आणि तिनं किती राखलं, याचा खरा हिशेब त्या एका शब्दावर आहे.