राजगडची थंडी आणि कोकणचा समुद्र

इतिहास शिकवताना आपण सनावळ्यांवर भर देतो. सनाबरोबर महिना दिलेला असला, तरी त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पण कधी कधी सनापेक्षा महिनाच अधिक बोलका असतो. सिंधुदुर्गाचा पाया मालवणजवळच्या कुरटे बेटावर घातला गेला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज ८५ गलबते व ३ मोठी जहाजे घेऊन कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूरवर गेले. दोन्ही घटना हिवाळ्यातल्या. हा योगायोग आहे काय?

त्या वेळी राजधानी होती वेल्ह्यातला राजगड. तो समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून उंच आहे, आणि समुद्र तेथून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर दूर. मध्ये सह्याद्रीची भिंत. वेल्ह्याच्या बाजूने केळदजवळचा मढे घाट आणि भोरच्या बाजूने वरंध घाट महाडकडे उतरतो. महाड हे सावित्री नदीवरचे जुने बंदर. या डोंगरी मुलखातल्या सत्तेला आरमार चालवायचे, तर समुद्राचे वेळापत्रक पाळणे भाग होते.

ते वेळापत्रक समजून घेण्यासाठी लाटेकडे वळू. वाऱ्याने उठणाऱ्या लाटेची उंची मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो, आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहतो. तिसरी गोष्ट आपण विसरतो. तळ्यावर कितीही वारा सुटला, तरी तेथे समुद्राएवढी लाट उठत नाही, कारण तिला वाढायला जागाच नसते.

पावसाळ्यात नैर्ऋत्य वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत सलग उघड्या पाण्यावरून वाहतो. जोर, काळ आणि अंतर, तिन्ही भरपूर. म्हणून कोकणासमोरच्या समुद्रात तीन-चार मीटरांच्या लाटा उठतात. हिवाळ्यात चित्र पालटते. उत्तरेकडे जमीन थंड होते, तेथे हवेचा दाब वाढतो, आणि कोरडी हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. वारा किनाऱ्यावरून बाहेर जाणारा, म्हणजे किनाऱ्याजवळ लाटेला वाढायला अंतरच नाही. याच कोरड्या हवेमुळे वेल्हे-भोरचे आकाश निरभ्र राहते. रात्री जमीन झपाट्याने उष्णता गमावते, गार व जड हवा उतारांवरून गुंजवणी, वेळवंडीच्या खोऱ्यांत साचते, आणि पहाटे कधी कधी गडमाथ्यापेक्षा खालच्या गावात अधिक थंडी पडते. राजगडच्या पायथ्याची हुडहुडी आणि कोकणचा शांत समुद्र ही एकाच ऋतुचक्राची दोन रूपे आहेत.

पण ‘हिवाळ्यात समुद्र शांत’ हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांची रांग आपल्याहून फार उत्तरेला नाही. तिचे दक्षिण टोक जवळपास १९ अंशांवर येते, तर भोर १८ अंशांवर आहे. तरीही हवाईच्या उत्तर किनाऱ्यांवर सर्वांत मोठ्या लाटा हिवाळ्यातच फुटतात, सहा-सात मीटरांच्या आणि कधी त्याहूनही उंच. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याच्या खेळासाठी जगभरचे खेळाडू तेव्हाच तेथे जमतात. कारण उघड आहे. हवाईच्या उत्तरेला हजारो किलोमीटर मोकळे पाणी आहे आणि हिवाळी वादळे त्यावर घोंघावतात. ज्या लाटांच्या दोन शिखरांमध्ये १५ सेकंदांचे अंतर असते, त्यांचा समूह खोल समुद्रात ताशी सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर जातो. वादळ दूरच राहते, लाट मात्र दारात येते. अशा लाटा किती दूर जातात हे वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मोजले. दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटांचा माग त्यांनी बेटामागून बेट घेत थेट अलास्कापर्यंत काढला.

अरबी समुद्राच्या उत्तरेला मात्र सुमारे २५ अंशांवर इराण-मकरानची जमीन आडवी येते. म्हणून कोकण आणि लक्षद्वीपची बेटे हिवाळ्यात निवांत असतात. लक्षद्वीपची ‘ओडम’ ही शिडाची जहाजेही मुख्य भूमीकडे येत ती याच मोसमात. या शांततेला थोडा अपवाद आहे. अरबस्तानावरून सुटणाऱ्या ‘शमाल’ वाऱ्याच्या लाटा हिवाळ्यात रत्नागिरी-गोव्यापर्यंत पोचतात, असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले.

आता पुन्हा बसरूरकडे. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत दुपारनंतर वाहणारे खारे वारे बहुधा वायव्येकडून येतात, आणि रात्री-पहाटे मतलई वारे जमिनीकडून. शिडाच्या गलबताला दक्षिणेस जाणे सोपे, परतणे कष्टाचे. परतीच्या वाटेवर गोकर्णानंतर महाराजांनी बहुतेक आरमार पुढे पाठवून दिले. सैन्याला नद्या उतरण्यापुरती बारा गलबते ठेवून ते स्वतः जमिनीवरून निघाले, असे कारवारच्या इंग्रज वखारीच्या नोंदीवरून कळते. त्या वेळी एकेक दिवस मोलाचा होता. ३ मार्च १६६५ रोजी मिर्झाराजा जयसिंग पुण्यास येऊन ठेपला. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि महाराजांकडे बाराच किल्ले उरले. राजगड व तोरणा त्यांतलेच.

हे सागरी शहाणपण पुढे लेखी स्वरूपात उतरले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाते. भोर संस्थानचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव यांचे ते राजाराम महाराजांच्या काळातले सहकारी. आरमाराने समुद्र खवळण्याच्या दहा-पंधरा दिवस आधीच, जेथे किल्ल्याचा आसरा आहे अशा बंदरात छावणीस जावे, अशी सूचना त्यात आहे. वादळाची बातमी देणारे कोणतेही साधन नसताना हाती होता तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा हिशेब, आणि त्यात दहा-पंधरा दिवसांची सुरक्षित सूट धरलेली होती.

वर्गात एक साधा उपक्रम करता येईल. फळ्यावर बारा महिने मांडावेत, एका बाजूस वाऱ्याची दिशा लिहावी आणि दुसऱ्या बाजूस सागरी मोहिमांच्या तारखा. खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू झाले ते १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, समुद्र अजून पुरता निवळलेला नसताना. ही तारीख नेहमीच्या मोसमात बसत नाही. ती का बसत नाही आणि त्याचा लाभ कोणाला झाला असेल, याचा शोध विद्यार्थ्यांनाच घेऊ द्यावा.