तारापूर अणुविद्युत् केंद्राची आपत्तिसुरक्षा

पालघर (२०१४ पूर्वी ठाणे) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील हे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याची आखणी झाली, तेव्हा दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर मानले जाई. बांधकाम चालू असतानाच ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने ही समजूत मोडीत काढली. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातही ४.५ रिश्टर प्रमाणाचे दोन भूकंप नोंदले गेले.

विक्रियक बंद करणे हा या प्रश्नाचा सोपा भाग होय. शृंखला विक्रिया थांबली, तरी भंजनद्रव्यांच्या क्षयातून उष्णता निघतच राहते. तिच्या निचऱ्यासाठी पाणी व पंपांना वीज लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू विक्रियक आपोआप बंद झाले. परंतु त्सुनामीच्या पाण्यात डीझेल जनित्रे बुडाली आणि तीन विक्रियकांचे गाभे वितळले. हे विक्रियक तारापूरच्या पहिल्या दोन विक्रियकांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारचे होते. भारतातही २६ डिसेंबर २००४ रोजी कल्पाक्कम येथील पंपगृहात त्सुनामीचे पाणी शिरले होते; तेथील विक्रियक मात्र सुरक्षितपणे बंद करण्यात आला.

तारापूरच्या या दोन जुन्या संचांतील सामायिक यंत्रणा २००५–०६ मध्ये विभक्त करण्यात आल्या. नवी डीझेल जनित्रे व पूरक नियंत्रणकक्षही उभारण्यात आले. फुकुशिमानंतर, वीज नसतानाही बाहेरून पाणी पुरविता यावे म्हणून नळजोड बसविण्यात आले. अरबी समुद्रात त्सुनामीचा मुख्य उगम मकरान किनाऱ्याजवळ संभवतो. तो तारापूरपासून दूर असला, तरी २८ नोव्हेंबर १९४५ च्या तेथील भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.