वर्षाची बेगमी ते दहा रुपयांचा पुडा : ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या किराण्याचा इतिहास

महागाईवर बोलायचं म्हटलं की आपण लगेच भावांवर येतो. तूरडाळ किती होती, किती झाली, कांद्याने कोणत्या साली रडवलं, वगैरे. आज भाव थोडे बाजूला ठेवू आणि मापाकडे बघू. एका वेळी किती सामान घेता येतं, ते कुणाला घेता येतं, आणि पैसे रोख द्यायचे की वहीत मांडायचे? आपल्या ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांत महागाईची झळ कुणाला किती बसली, हे भावाइतकंच या गोष्टींनी ठरवलेलं दिसतं.

सुरुवात बेगमीपासून करू. ठाणे जिल्हा हा भाताचा जिल्हा. कल्याणला पारनाक्याच्या वाड्यांत, ठाण्यात जुन्या घरांत वर्षाचा तांदूळ भरायची पद्धत होती. गहू, डाळी एप्रिल-मेमध्ये घ्यायच्या, उन्हं दाखवायची, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, तांदळाला बोरिक पावडर लावायची, आणि पाऊस यायच्या आत पत्र्याचे डबे बंद. आपण याकडे आजीच्या टापटिपीची गोष्ट म्हणून बघतो. पण हिशेब पक्का होता. सुगी संपल्यावर धान्य सगळ्यांत स्वस्त असतं, आणि श्रावण-भाद्रपदात भाव चढतात तेव्हा या घरांना बाजारात जावंच लागत नाही. अर्थात त्यासाठी दोन गोष्टी लागतात : हातात एकरकमी पैसा आणि डबे ठेवायला कोरडी जागा.

1943 साली, युद्धाच्या काळात, मुंबईत रेशनिंग आलं. शिधापत्रिका आली, रांग आली, ठरलेल्या मापाचं धान्य आलं. साठवणूक करणारा संशयित ठरू लागला. या व्यवस्थेचा एक अवशेष अजून आपल्या खिशात आहे, बरं का. ठाणे, कल्याण, डोंबिवलीची रेशन दुकानं आजही मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकांच्या ‘फ’ परिमंडळात येतात. महापालिका वेगळ्या झाल्या, ठाण्याची 1982 मध्ये, कल्याणची 1983 मध्ये. पण रेशनच्या नकाशावर आपण अजून मुंबईचेच.

आता वहीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. गिरणगावातला कामगार महिनाभर वाण्याकडून उधारीवर माल न्यायचा आणि पगाराला खातं चुकतं करायचा. उधारीच्या गिऱ्हाईकाला घासाघीस करता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, तांदळात खडे निघाले तरी बोलायची चोरी. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, तोच जास्त दर देतो. कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांची हीच कोंडी होती. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रोख हातात आली की बाई वाण्याशी बरोबरीने बोलू शकते. पुढे 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं मुंबईबाहेर पांगली, काही आपल्या कल्याण-डोंबिवलीत आली. दहा बाय बाराच्या खोलीत वर्षाचे डबे कुठे ठेवणार?

मधला एक टप्पा मात्र राहिला. 1972 चा दुष्काळ. रेशनवर परदेशी लाल मिलो आला. ज्यांनी तो खाल्ला ते अजून तोंड वाकडं करून सांगतात. पाठोपाठ 1973 चं तेलसंकट. 1974-75 मध्ये घाऊक भाव वर्षभरात 25 टक्क्यांच्या आसपास वाढले. तेल, साखर, रवा, रॉकेल सगळ्याची टंचाई. दुष्काळापासूनच्या याच काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. निवडणुकीत एकमेकींच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या पक्षांच्या या बायका एका मोर्च्यात आल्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. त्यांची मागणी नीट ऐकायला हवी : माल रास्त भावात, आणि ठरलेल्या प्रमाणात प्रत्येक घरी पोचला पाहिजे. म्हणजे भावाबरोबर वाटपाचाही प्रश्न.

वाटपाचं एक वेगळं उत्तर त्याच सुमारास आलं. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पद्धत साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल घाऊक बाजारातून एकदम येणार. ट्रक आला की कुणाच्या तरी ओट्यावर नाहीतर गॅरेजमध्ये माल उतरवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. ठाणे आणि डोंबिवलीत ही पद्धत चांगली रुजली, यात नवल नाही. नोकरदार, ठरलेल्या तारखेला पगार, सोसायटीत एकमेकांवर विश्वास. एका घराला जी बेगमी झेपत नव्हती, ती अनेक घरांनी मिळून केली. आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांत मध्यमवर्गाने महागाईला दिलेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं उत्तर आहे. पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. महिन्याचा माल एकदम घ्यायला महिन्याचे पैसे एकदम लागतात. रोजंदारीवर जगणारं घर या संघात बसत नाही.

त्या घरासाठी रेशन होतं. 1997 पासून तेही लक्ष्याधारित झालं, आणि 1999 मध्ये महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं कार्ड आलं. अन्नसुरक्षा कायद्याखाली आपल्याकडे शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली 59,000 रुपये. भागाकार करून बघा : महिन्याला पाच हजारांच्याही आत. दिवा किंवा कल्याण पूर्वेत भाड्याच्या खोलीत राहून दोघं कमावणारं घर कागदावर या रेषेच्या वर जातं. आत असलेल्यांना माणशी पाच किलो धान्य मिळतं, आता फुकट मिळतं. पण डाळ, गोडं तेल, भाजी बाजारातूनच. आणि भाजीची भाववाढ ऑक्टोबर 2024 मध्ये 42 टक्क्यांवर गेली होती.

भाजीचं गणित आपल्याकडे रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं. कल्याणच्या बाजार समितीत नाशिककडून आणि जुन्नर-ओतूरकडून माळशेज उतरून माल येतो. शेजारचा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून जुन्नरला कल्याणशी जोडत आलाय, म्हणजे वाट दोन हजार वर्षांची. पण सकाळी सातची लोकल पकडणारी बाई घाऊक बाजारात जाणार कधी? ती संध्याकाळी स्टेशनबाहेर, मिळेल त्या भावाने घेते. मग लेडीज डब्यात बसून शेंगा सोलते, मेथी निवडते. सुटीच्या दिवशी कल्याणला जाऊन आठवड्याची भाजी आणणारी घरं आहेत. रात्री नऊनंतर फेरीवाला उरलेले वाटे उतरवतो, तेव्हा जाणारीही घरं आहेत.

2002 मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. पुढे ठाणे-डोंबिवलीकडेही अशी दुकानं आली आणि महिन्याची यादी परतली, फक्त संघ आणि ओटा गेला. ट्रॉली एकट्याची.

शेवटी कराचं एक उदाहरण देतो. जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागला, पण 25 किलोपर्यंतच्या पाकिटांवर. त्याहून मोठ्या पोत्यावर कर नाही. दुकानदाराने पोतं फोडून सुटं विकलं तर त्यावरही नाही. म्हणजे 30 किलोचं पोतं उचलू शकणाऱ्याला सूट आणि एक किलोचं पाकीट घेणाऱ्याला कर. लॉकडाऊनमध्ये कितीतरी सोसायट्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी गोळा करून शेतकऱ्यांकडून थेट भाजीचे टेम्पो मागवले होते. ते ग्रुप बहुतेक ठिकाणी अजून आहेत. त्यांवर आता पाणी कधी येणार आणि पार्किंग कुणाचं, एवढंच चालतं.

इथे थांबू. पहिला प्रश्न कुणाचा?