मनिऑर्डरीवर शिकलेला वर्ग

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका वाचण्याचा मला नाद आहे. रद्दीच्या दुकानात त्या पुष्कळ मिळतात. अशा स्मरणिकेत एक छायाचित्र बहुधा असतेच : मध्ये खुर्चीवर मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षक, मागे टोप्या घालून ताठ उभी राहिलेली मॅट्रिकची मुले. शेजारी त्यांपैकी कुणीतरी म्हातारपणी लिहिलेली आठवण असते. शाळा 1939 ते 1945 च्या युद्धकाळातली असली, तर आठवणींचा सूर ठरलेला : रॉकेल मिळत नसे, वह्या मिळत नसत, पण गुरुजन देवमाणसे होती. यात खोटे काहीच नाही. मात्र छायाचित्र सातवी इंग्रजीचे असते, पहिलीचे नसते. आणि स्मरणिकेत लिहितो तो परीक्षेपर्यंत पोहोचलेला मुलगा. वाटेत गळलेल्यांचा इतिहास कुणी मागत नाही. तो या मुलखाच्या अनुषंगाने मांडून पाहावा, एवढाच आजचा हेतू आहे.

त्या काळी मराठी चौथीनंतर इंग्रजीच्या सात इयत्ता असत आणि शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. शालान्त परीक्षेचे वेगळे मंडळ पुढे 1948 च्या कायद्याने आले. तेव्हा जून 1939 मध्ये जो मुलगा इंग्रजी पहिलीत बसला आणि एकदाही नापास झाला नाही, तो 1946 साली मॅट्रिकला बसला. शाळेत जाऊन त्याला तीन महिने होतात न होतात तोच 3 सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. पुढे नोव्हेंबरात प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे रत्नागिरीचेच, त्यामुळे ती बातमी इथे घरची म्हणून वाचली गेली असणार. म्हणजे या एका वर्गाचे सारे माध्यमिक शिक्षण युद्धाच्या पोटात झाले.

उत्तरेला काजळी, दक्षिणेला मुचकुंदी आणि मधून मुंबई-गोवा रस्ता, असा हा लांज्याचा टापू. मोठी शाळा म्हटली की रत्नागिरी नाहीतर राजापूर, ही नावे तोंडी येत. घरातून रोज जाऊन-येऊन होण्याजोगे हे अंतर नव्हे. म्हणजे फी आली, वह्या-पुस्तके आली, आणि त्याहून मोठे म्हणजे परगावी राहण्या-जेवण्याचा खर्च आला. भातशेतीवर तो निघत नसे. खोती मुलखातले कूळ. खोताचे फाळे भरून जे उरे ते चार-सहा महिन्यांत संपे. रोख पैसा येई तो मुंबईहून, पोस्टमनच्या हातून.

1921 च्या खानेसुमारीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत मोजली गेली होती. गिरणी, गोदी, रेल्वे आणि साहेबाघरची चाकरी हे त्यांचे धंदे. इकडे 1951 च्या खानेसुमारीत जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1200 हून अधिक स्त्रिया होत्या. हे दोन आकडे एकत्र ठेवले की घराघराचे चित्र उभे राहते. बाप किंवा थोरला भाऊ गावकीच्या खोलीत, पाळीपाळीने झोपणारा. आई आणि बहीण शेतावर. मुलाची शाळा या दोन्ही श्रमांवर चाले. बहिणीला मात्र शाळा नसे. मनिऑर्डरीच्या पावतीवर अंगठा उठवणाऱ्या बाईने त्याच पैशांतून मुलासाठी इंग्रजीचे व्याकरण विकत आणवायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. तिच्याविषयी स्मरणिकेत 'मातोश्रींनी कष्ट केले' एवढेच वाक्य असते.

म्हणून या वर्गाचा इतिहास लिहायचा तर आधी गिरणगावात जावे लागते. युद्ध सुरू होताच धान्य-कापडाचे भाव चढले. महागाई भत्त्यासाठी मार्च 1940 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि तो सुमारे 40 दिवस चालला. मागितले तेवढे पदरात पडले नाही. पण भाव वाढले तर भत्ता वाढला पाहिजे, हे सूत्र त्या लढ्यानंतर मागे घेता आले नाही. पुढे भत्त्याची राहणीमानाच्या निर्देशांकाशी सांगड घातली गेली. लष्करी कापडाच्या मागणीने गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या, मालकांना अमाप नफा झाला, आणि 1941 सालासाठी कामगारांना रुपयामागे दोन आणे बोनस मिळाला. आम्हां युनियनवाल्यांना हा तपशील वेतनाच्या इतिहासात शिकवतात. मी त्याकडे शिक्षणाच्या इतिहासातला तपशील म्हणूनही पाहतो. संपाच्या त्या चाळीस दिवसांत मनिऑर्डरी थांबल्या असतील तेव्हा कितीजणांची फी थकली, आणि भत्ता-बोनस सुरू झाल्यावर कितीजणांची नावे पटावर टिकली, हे कुठल्याही शाळेच्या अहवालात आढळायचे नाही.

मग 1942 उजाडले. जपान युद्धात उतरल्यावर मुंबईत घबराट पसरली आणि चाकरमान्यांनी बायकामुले गावी धाडली. मार्चमध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. थिबा राजाला इंग्रजांनी त्याच ब्रह्मदेशातून आणून रत्नागिरीला ठेवले होते आणि तो 1916 साली तिथेच वारला. ब्रह्मदेशाशी आपले नाते एवढेच, असे मानणाऱ्या कोकणाला आता कळले की आपल्या ताटातही रंगून होते. भात पिकवणारा हा जिल्हा स्वतःपुरतेही भात पिकवत नसे. नाचणी, वरी, कुळीथ हे गरिबाचे अन्न अधिकच पुढे आले. त्याच मार्चमध्ये जावा बेट जपानने घेतले. जगाला लागणारे बहुतेक क्विनाइन तिथून येई, तेव्हा हिवतापाचे औषधही दुर्मिळ झाले. लढाई आसामच्या सीमेवर अडली, पण तिची झळ मुचकुंदीच्या काठी हिवतापाने कुडकुडणाऱ्या पोरापर्यंत आली ती अशी.

टंचाईच्या बारीकसारीक गोष्टी सांगण्यात म्हाताऱ्यांना मोठा रस असे, आणि खरोखर त्या ऐकण्यासारख्या आहेत. पेट्रोल आटल्यावर सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. मागे भट्टी लावलेली ती गाडी घाटात दम टाकी आणि उतारूंना खाली उतरावे लागे. रॉकेल नाही म्हणून उंडीच्या कडू तेलाचे दिवे पुन्हा लागले. तांबे वाचवण्यासाठी सरकारने 1943 पासून मध्ये भोक असलेला पैसा पाडला; मुले तो करगोट्यात ओवीत. पाटीवर गणित सोडवून ते पुसायचे आणि वहीत फक्त उत्तर लिहायचे, ही काटकसर कागदटंचाईने शिकवली.

ऑगस्ट 1942 च्या 'चले जाव'नंतर शाळांतही खळबळ माजली. नंदुरबारला 9 सप्टेंबरला मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आपल्या सोबत्यांसह मारला गेला. त्याचे नाव महाराष्ट्राने जपले, ते योग्यच झाले. पण त्याच वयाची हजारो मुले त्या वर्षी निराळ्या कारणाने शाळेबाहेर पडली. एक माणूस कमी जेवला तर घर चालते, आणि एक माणूस जास्त कमावता झाला तर धाकटा शिकतो, हा त्यामागचा हिशेब. गिरण्यांत तेव्हा भरती जोरात होती. पाचवी-सहावी इंग्रजीतून उठलेला पोरगा चुलत्याबरोबर बोटीने मुंबईला गेला, बदली म्हणून खात्यात उभा राहिला, आणि वर्गात त्याची जागा रिकामी राहिली. 2 मे 1943 पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले, तेव्हा त्याच्या नावाचे कार्डही निघाले. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, त्यांत आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान होते. ती बातमी येताच गोदीत माणूस असलेल्या कोकणातल्या घरांवर काय गुदरले असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

आणखी एक वाट सैन्याची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महार समाजाची लष्करी परंपरा जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली होती. ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ते दार पुन्हा पुरते उघडले. याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे, सुभेदाराचे चिरंजीव डॉ. आंबेडकर, जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. शिपायाच्या पगारातून धाकट्या भावाची शाळा, हे गिरणीच्या मनिऑर्डरीचेच दुसरे रूप होते. फरक इतकाच की या घरातल्या मुलाला वर्गात बसायला जागा मिळणे हाच वेगळा लढा असे. त्या लढ्याकडे जुन्या स्मरणिका सहसा डोळेझाक करतात, हे मला खटकते.

नौदलाला इंग्रजी जाणणारी पोरे हवी होती. संदेशवहनाच्या कामाला तर मॅट्रिकपर्यंत शिकलेली मुले घेत. मुंबईतल्या 'तलवार' या संदेशवहनाच्या शाळेतच 18 फेब्रुवारी 1946 रोजी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप पुकारला गेला, आणि त्याचे बंड झाले. 22 तारखेला गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. परळला कमल दोंदे पडल्या. बंदरात संपावर गेलेला नाविक, परळच्या रस्त्यावरचा बदली कामगार आणि कोकणात दिव्यापाशी मॅट्रिकची उजळणी करणारा मुलगा हे तिघे एका वयाचे होते. 1939 च्या पहिल्या इयत्तेत ते एका बाकावर बसले असते, तर त्यात नवल नव्हते.

उरलेल्यांनी परीक्षा दिली. त्यांच्या नशिबाने रत्नागिरीत 1945 सालीच महाविद्यालय सुरू झाले होते, म्हणजे कॉलेजसाठी पुणे, सांगली, कोल्हापूर गाठण्याची सक्ती संपली. ते ज्यांना परवडले ते शिकले. परवडले नाही त्यांनी मुंबईची बोट पकडली, पण आता कारकुनीसाठी : पोस्ट, रेल्वे, बँक, म्युनिसिपालिटी. वडील खात्यात आणि मुलगा टेबलाशी, असे एकाच खोलीत राहणारे संसार तेव्हापासून दिसू लागले. मुलाचा लेंगा जाऊन पाटलोण आली, आणि बापाच्या युनियनशी आपला काय संबंध, असे म्हणणारेही निघाले.

संबंध त्याच पावसाळ्यात दिसून आला. 11 जुलै 1946 ला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीचे कर्मचारी देशभर संपावर गेले. पाठोपाठ तारखात्यातले आणि कारकूनही आले. कोकणात ते लावणीचे दिवस. मजुरी द्यायला रोख पैसा हवा आणि पोस्ट बंद. तरीही 22 जुलैला त्या संपाच्या पाठिंब्यासाठी मुंबई बंद झाली, आणि ज्यांना गावी मनिऑर्डर करायची होती तेच गिरणी कामगार माग थांबवून बाहेर आले.