वेस्टलँड : लोकवर्गणीने परत आणलेली खेळमालिका

‘वेस्टलँड’ हा संगणकावरचा खेळ १९८८ साली अमेरिकेत आला. ब्रायन फार्गो यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या इंटरप्ले प्रॉडक्शन्स या कंपनीने तो बनवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केला. आधी तो ॲपल टू या संगणकासाठी निघाला, पाठोपाठ कमोडोर ६४ आणि आयबीएम पीसीसाठी. १९९८ मध्ये अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झाले आहे, अशी त्याची कल्पना. वाळवंटात वाचलेल्या अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी एका तुरुंगात आसरा घेतला आणि पुढे ‘डेझर्ट रेंजर’ नावाचे दल उभे केले. २०८७ साली ॲरिझोना-नेवाडाच्या उजाड पट्ट्यात गस्त घालणारी या दलाची एक तुकडी खेळणाऱ्याच्या हाती येते.

त्या काळचे रोल-प्लेइंग गेम बहुतेक तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन यांच्या दुनियेत रमलेले होते. फार्गो यांनी संगणकाबाहेरचे, टेबलावर कागद-फासे घेऊन खेळायचे खेळ रचणारी माणसे बोलावली. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचणारे केन सेंट आंद्रे, हेरकथांच्या खेळाची नियमावली लिहिणारे मायकेल स्टॅकपोल आणि लिझ डॅनफर्थ ही त्यांतली प्रमुख नावे. प्रोग्रॅमिंगची बाजू ॲलन पॅव्हलिश यांनी सांभाळली. टेबलावरच्या खेळात एक माणूस समोर बसून खेळाडूच्या प्रत्येक कृतीचा परिणाम ठरवतो, आणि तो परिणाम मागे घेता येत नाही. ही शिस्त या मंडळींनी यंत्रात आणली. बंद दार कुलूप उघडून, लाथ घालून किंवा दारूगोळा वापरून उघडता येई. तुकडीत ज्याला जे येते त्यावर वाट ठरे. शिवाय खेळाडूने जगात केलेले बदल फ्लॉपीवर कायमचे लिहिले जात. म्हणून मूळ फ्लॉपीच्या प्रती काढून त्या प्रतींवरच खेळावे लागे.

हायपूल या वस्तीतला एक प्रसंग जुन्या खेळाडूंच्या आठवणीत घट्ट बसला आहे. एका मुलाचा हरवलेला कुत्रा सापडतो, पण तो पिसाळलेला असतो. त्याला मारण्यावाचून उपाय नसतो. तो मुलगा मात्र तुकडीला माफ करत नाही. तो रेंजरांवरच उलटतो, आणि मग त्या पोराचे काय करायचे हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते. शाबासकी मिळेल असे उत्तरच तेथे ठेवलेले नाही. १९८८ मध्ये हे नवे होते.

फ्लॉपीवरची जागा इतकी तुटपुंजी होती की कथेतले लांब उतारे खेळात मावत नसत. ते एका छापील पुस्तिकेत क्रमांक घालून दिले होते. पडद्यावर सूचना आली की तेवढा उतारा काढून वाचायचा. पुस्तिका आधीच वाचून काढणाऱ्या उतावळ्यांना चकवण्यासाठी त्यात खोटे उतारेही घुसडले होते. मंगळावरच्या स्वारीची एक अख्खी बनावट गोष्ट त्यांत होती.

इतके नाव होऊनही मालिका पुढे सरकली नाही, याचे कारण मालकी हक्कांत होते. खेळ इंटरप्लेचा, पण हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे. त्या कंपनीने १९९० मध्ये ‘फाउंटन ऑफ ड्रीम्स’ नावाचा त्याच धाटणीचा खेळ काढला. मूळ रचणाऱ्यांचा त्यात हात नव्हता आणि त्याला कोणी उत्तरभाग मानले नाही. ‘वेस्टलँड’च्या यंत्रणेवर इंटरप्लेने सुरू केलेला ‘मीनटाइम’ अर्ध्यावरच सोडून दिला गेला. नाव मिळत नाही म्हटल्यावर इंटरप्लेने अणुयुद्धानंतरचे दुसरे जग रचले. १९९७ मध्ये आलेला ‘फॉलआउट’ तो हाच. आज जगभर ‘फॉलआउट’ ठाऊक असलेल्या कित्येकांना त्याचे मूळ ‘वेस्टलँड’मध्ये आहे हे माहीत नसते, आणि ही उणीव इतिहासाच्या दृष्टीने मोठी आहे.

फार्गो २००२ मध्ये इंटरप्लेतून बाहेर पडले आणि त्यांनी इनएक्झाइल एंटरटेनमेंट ही कंपनी काढली. ‘वेस्टलँड’ या नावाचे हक्क त्यांनी लवकरच मिळवले. पण नाव हाती येणे आणि पैसा हाती येणे यांत पुढे जवळजवळ दहा वर्षे गेली. तोवर मोठ्या प्रकाशकांचे गणित बदलले होते. एकेका खेळावर कोट्यवधी डॉलर खर्च होत. गेमिंग कन्सोलवर लाखो प्रती खपतील असेच प्रस्ताव मंजूर होत. वरून दिसणारा नकाशा, आळीपाळीने खेळायची लढाई आणि पडद्यावर भरपूर वाचायचा मजकूर, असा खेळ कोणत्याही प्रकाशकाच्या कोष्टकात बसत नव्हता. मधल्या दर्जाच्या, मध्यम खर्चाच्या खेळांना बाजारात जागाच उरली नव्हती. फार्गो प्रकाशकांकडे गेले आणि नकार घेऊन परतले.

वाट फुटली ती किकस्टार्टरमुळे. न्यूयॉर्कच्या या कंपनीने २००९ मध्ये लोकवर्गणीची ऑनलाइन सोय सुरू केली होती. निर्माता आपली योजना, लागणारी रक्कम आणि मुदत जाहीर करतो; लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे आकडा टाकतात. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे कापले जातात, एका डॉलरने कमी पडली तरी कोणाकडून काही घेतले जात नाही. यशस्वी मोहिमेतून किकस्टार्टर ५ टक्के ठेवून घेते आणि पैशाच्या देवघेवीचा खर्च वेगळा लागतो. मराठी प्रकाशनव्यवहारात ग्रंथ छापण्याआधी वाचकांकडून पैसे घेण्याची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ओळखीची आहे. तिच्याशी हा प्रकार बराच मिळताजुळता आहे. मात्र हस्तलिखित तयार असलेला ग्रंथ आणि अजून एकही ओळ न लिहिलेला खेळ यांत जोखमीचा फरक फार मोठा.

फेब्रुवारी २०१२ मध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने एका जुन्या धाटणीच्या साहसी खेळासाठी ४ लाख डॉलर मागितले. महिन्याभरात ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाखांवर रक्कम जमवून दिली. तोपर्यंत किकस्टार्टरवर खेळांसाठी एवढा पैसा कधी जमला नव्हता. ती मोहीम १३ मार्चला संपली आणि त्याच दिवशी इनएक्झाइलने ‘वेस्टलँड २’ची मोहीम उघडली. मागणी ९ लाख डॉलरची होती. खेळाला १० लाख लागतील, वर्गणी ९ लाखांवर थांबली तर उरलेले १ लाख पदरचे घालू, असे फार्गो यांनी जाहीर केले होते.

९ लाखांचा टप्पा सुमारे दोन दिवसांतच ओलांडला गेला. १७ एप्रिलला मुदत संपली तेव्हा ६१ हजार २९० वर्गणीदारांचे २९ लाख ३३ हजार डॉलर जमले होते. पेपॅलवरून थेट आलेल्या पैशांसह बेरीज ३० लाखांच्या वर गेली. १५ डॉलर देणाऱ्याला खेळाची डाउनलोड प्रत मिळणार होती. जास्त देणाऱ्यांना कापडी नकाशा आणि छापील पुस्तिका असलेली पेटी, जुन्या पद्धतीची. रक्कम वाढत गेली तशी आश्वासनेही वाढली : मॅक आणि लिनक्ससाठी आवृत्त्या, मोठा नकाशा, अधिक मजकूर. २१ लाखांचा टप्पा गाठल्यावर ऑब्सिडियन कंपनीचे लेखक ख्रिस ॲव्हेलोन जोडले गेले. मूळ खेळातले पॅव्हलिश, स्टॅकपोल, डॅनफर्थ आणि सेंट आंद्रे हेही परतले, आणि संगीत ‘फॉलआउट’चे संगीतकार मार्क मॉर्गन यांनी केले. वर्गणीदारांनी केवळ नावावर पैसे लावले नव्हते. ते नाव कोणी पेलायचे, याबद्दलही त्यांच्या ठाम अपेक्षा होत्या. मोहिमेच्या यशाचे खरे कारण येथे सापडते. त्याच काळात फार्गो यांनी आणखी एक प्रथा सुचवली : खेळ विकून होणाऱ्या नफ्यातले ५ टक्के दुसऱ्यांच्या किकस्टार्टर मोहिमांना द्यायचे. तिलाही इतर निर्मात्यांनी हात दिला.

खेळ युनिटी या तयार इंजिनवर बांधला गेला. दृश्यांतल्या काही वस्तूंच्या त्रिमिती प्रतिकृती बाहेरच्या कलाकारांकडून, चाहत्यांकडूनही मागवल्या गेल्या. प्राथमिक चित्रे दाखवून वर्गणीदारांचे मत घेतले जाई. ऑक्टोबर २०१३ ची ठरलेली तारीख मात्र हुकली. डिसेंबर २०१३ मध्ये अपुरा खेळ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विक्रीला ठेवला गेला आणि तो पैसा पुढच्या कामाला लागला. ३० लाख डॉलर मोठे वाटले, तरी एवढ्या विस्ताराच्या खेळाला ते पुरणारे नव्हते. त्या पर्वातल्या कित्येक मोठ्या मोहिमांत हा हिशोब चुकला, आणि याबाबत निर्मात्यांनी वर्गणीदारांना सुरुवातीलाच अधिक स्पष्ट सांगायला हवे होते. दरम्यान इलेक्ट्रॉनिक आर्ट्सशी करार होऊन १९८८ चा मूळ खेळही नोव्हेंबर २०१३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला.

‘वेस्टलँड २’ १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच रेडिओवर दोन ठिकाणांहून मदतीची हाक येते : एक हायपूल, दुसरे शेतीसंशोधन केंद्र. तुकडी एकच, म्हणून एका ठिकाणी पोहोचले की दुसरे उद्ध्वस्त होते, आणि मरणाऱ्यांचे आवाज रेडिओवर ऐकू येत राहतात. २६ वर्षांपूर्वीच्या खेळाचा पिंड येथे शाबूत होता, फक्त चित्रे नवी होती. २०१५ मध्ये सुधारित आवृत्ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरही आली. ज्यांच्याकडे पीसीची प्रत होती त्यांना ती विनामूल्य मिळाली.

या वाटेने बरेच जण गेले. ‘शॅडोरन’ या जुन्या खेळाला परत आणण्यासाठी २०१२ मध्येच वर्गणी जमली. डेव्हिड ब्रेबेन यांनी १९८४ च्या ‘एलीट’चा नवा अवतार ब्रिटनमधून १५ लाख पौंडांवर वर्गणी जमवून उभा केला. जपानच्या यू सुझुकी यांच्या ‘शेनमू ३’ला २०१५ मध्ये ६३ लाख डॉलर मिळाले आणि तो २०१९ मध्ये आला. सगळेच तरले नाहीत. ‘मेगा मॅन’ची आठवण करून देणाऱ्या ‘मायटी नंबर ९’ला ३८ लाखांवर वर्गणी मिळूनही २०१६ मध्ये हाती आलेल्या खेळाने घोर निराशा केली.

इनएक्झाइललाही झळ बसली. ‘टॉर्मेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’ या खेळासाठी २०१३ मध्ये ४१ लाख ८८ हजार डॉलर जमले. ‘वेस्टलँड २’पेक्षा हा आकडा बराच मोठा. पण खेळ यायला २०१७ चा फेब्रुवारी उजाडला आणि वाढीव वर्गणीच्या बदल्यात कबूल केलेल्या काही गोष्टी वगळल्याचे त्याच सुमारास उघड झाले. वर्गणीदारांचा संताप रास्त होता. त्यांच्याकडे भागधारकाचे हक्क नव्हते, दिलेला शब्द एवढीच त्यांची मालमत्ता होती.

‘वेस्टलँड ३’साठी म्हणून वेगळी रचना निवडली गेली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या फिग या व्यासपीठावर साध्या वर्गणीबरोबर गुंतवणूकही करता येई आणि विक्रीतून परतावा मिळण्याची तरतूद असे. फार्गो आणि शेफर दोघेही त्याच्या सल्लागार मंडळावर होते. २०१६ च्या शेवटी तेथे ३१ लाख डॉलरहून अधिक जमले, त्यात गुंतवणुकीचा वाटा मोठा होता. त्यानंतर डीप सिल्व्हर हा प्रकाशक आला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने इनएक्झाइल विकत घेतली. कोलोरॅडोच्या बर्फात घडणारा तिसरा भाग २८ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झाला, मोठ्या कंपनीच्या बळाने अधिक पॉलिश होऊन.

ऑब्सिडियनची खरेदी मायक्रोसॉफ्टने इनएक्झाइलबरोबरच जाहीर केली होती. २०१९ मध्ये डबल फाइनही तिच्याकडे गेली. २०२१ मध्ये बेथेस्डा या खेळकंपनीची मूळ कंपनी झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टने घेतली. इंटरप्लेकडून बेथेस्डाकडे गेलेला ‘फॉलआउट’ तिच्याबरोबरच आला, आणि ‘वेस्टलँड’चे हक्क न मिळाल्यामुळे जन्मलेला हा खेळ आणि ‘वेस्टलँड’ एकाच मालकाच्या ताब्यात आले.