ठासणीची दुनळी : नाव, छाप आणि नळीचा पुरावा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ठासणीची दुनळी बंदूक विकायला आली, तर तिचा कस कसा ओळखायचा आणि मोल कशावरून ठरवायचं? प्रश्न बाजाराचा दिसतो, पण त्याच्या पोटात पुराव्याचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही तो आज घेतो. कोकणात पीक राखायला ठासणीची बंदूक परवान्यावर बाळगणारे शेतकरी आहेत, तेव्हा शब्द आपल्याला परका नाही. दारू, बोळा, छर्रे नळीच्या तोंडातून घालायचे, गजाने ठासायचे, मागे केप बसवायची. आज बोलायचं आहे ते इंग्लंडमधल्या शिकारी दुनळ्यांबद्दल.

इतिहास थोडक्यात. 1787 मध्ये लंडनच्या हेन्री नॉकने नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचं पेटंट घेतलं. दारू झटकन पेटू लागली, नळ्या आखूड करता आल्या, आणि दुनळी खांद्याला पेलण्याजोगी झाली. 1807 मध्ये अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे केप आली आणि चकमक गेली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रेंच लफोशेची मागून भरायची बंदूक लोकांनी पाहिली, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत ठासणीची सद्दी संपत आली. म्हणजे बघा, कारागिरी शिखरावर असतानाच वस्तू जुनाट ठरली! त्यामुळे फारशा न वापरलेल्या, उत्तम दुनळ्या आजही सापडतात.

ग्राहक आधी नाव बघतो. जोसेफ मँटन हे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. (तो स्वतः 1826 मध्ये दिवाळखोर झाला, हेही लक्षात ठेवा.) मोठ्या नावाची नक्कल होणारच. कळीच्या पट्टीवर लंडनचं नाव कोरायला एक दुपार पुरते. म्हणून नळ्या दस्त्यापासून सोडवून पालथ्या कराव्यात. तिथे परीक्षागृहाचे छाप असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 च्या कायद्याने आलं. वर लंडन आणि खाली लंबगोलात ‘ईएलजी’ अशी अक्षरं असली, तर नळ्यांची परीक्षा बेल्जियमच्या लिएजमध्ये झालेली आहे. याचा अर्थ नळी वाईट असा मुळीच नाही. लिएजने उत्कृष्ट नळ्याही केल्या. पण मग वरचं नाव काय सांगतंय, हे विचारायला हवं.

आता छाप तरी काय सिद्ध करतो? नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त दारू भरून बार काढला आणि नळी टिकली, एवढंच. त्या दिवशी टिकली. आज टिकेल हे त्यातून निघत नाही. ह्यूमने अनुमानाबद्दल घातलेला पेच इथे पुस्तकात राहत नाही, तो बार काढणाऱ्याच्या डाव्या हाताखाली येतो, कारण नळी फुटली तर पहिली बोटं त्या हाताची जातात.

काळ्या दारूची राख ओल धरते आणि बुडाशी गंज खड्डे पाडतो. मग कोणी तरी नळी आतून कातून गुळगुळीत करतो, आणि विकणारा म्हणतो, ‘आत आरशासारखी आहे.’ इथे मोजमाप कामाला येतं. 12 बोअर म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्या मिळून एक पौंड. तिचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर, 13 ची सुमारे 18. पुष्कळ नळ्यांवर हा आकडा ठोकलेला असतो. छाप 13 चा आणि माप आज 12 चं भरत असेल, तर परीक्षेनंतर धातू गेलेला आहे. छाप खरा, पण ज्या नळीची परीक्षा झाली ती ही नळी राहिलेली नाही. आमच्या मते सगळ्या तपासणीत हे एक माप सर्वांत मोलाचं.

बाकीचं पटकन सांगतो. सगळ्यात आधी गज आत सोडून किती जातो ते बाहेरून ताडून पाहा; जुन्या बंदुकीत भरलेला बार तसाच राहिलेला सापडतो. सोडवलेल्या नळ्या टांगून हलकेच ठोकल्या तर घंटेसारखा नाद यावा. भद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटलेली असते. घोडा अर्ध्यावर आणि पूर्ण, दोन्ही ठिकाणी घट्ट थांबला पाहिजे. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर अडाणी हात आत जाऊन आलाय. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली, तर बंदूक मूळची चकमकीची. तो दोष नाही. तो तिचा इतिहास आहे, फक्त विकणाऱ्याने तो सांगायला हवा. दमास्कस नळीची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीची, नक्षी वरवर छापलेलीही असू शकते. लाकडाखाली झाकलेला तसूभर भाग घासून त्यावर सौम्य आम्ल लावलं, की खरी नक्षी परत उमटते, खोटी उमटत नाही.

राहिला मोलाचा प्रश्न. कातलेल्या नळ्यांची, पण मूळ कळी आणि अखंड दस्ता असलेली बंदूक आम्ही भिंतीवरची वस्तू म्हणून जोखू, आणि तशी ती चांगल्या किमतीची असेल. बार काढायचा असेल तर जाणकार बंदूककाराकडून भिंतीची जाडी मोजून घ्यावी आणि फक्त काळी दारू वापरावी. आजची धूरहीन दारू या नळ्यांसाठी नाही. आणि आपल्याकडे परवान्याची चौकशी पैसे मोजण्याआधी करायची, नंतर नाही.